पोलाद वाकवण्याचा खेळ: बळ, तंत्र आणि माप

सातारा-सांगली भागात बळाची परीक्षा ही चार भिंतींआड होणारी गोष्ट कधीच नव्हती. कृष्णा-वारणेच्या काठावरील गावांत यात्रेनिमित्त कुस्त्यांचा फड भरतो, हलगी कडाडते आणि पंचक्रोशीतील माणसे मैदानाभोवती दाटी करून बसतात. मारुतीच्या देवळापुढे पडलेली दगडी गोटी कोणत्या पिढीत कोणी गुडघ्यापर्यंत, कोणी छातीपर्यंत आणि कोणी खांद्यावर घेतली, हे सांगणारी म्हातारी माणसे अजूनही भेटतात. अशा मुलखातील वाचकाने क्षणभर एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. टेबलावर पोलादाची एक गोल कांडी ठेवली आहे. लांबी सात इंच, जाडी शाळकरी पेन्सिलीपेक्षा किंचित जास्त. ती फक्त दोन हातांनी, एका मिनिटाच्या आत, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात वाकवायची आहे. पाहणाऱ्याला वाटते, यात काय अवघड आहे? हातात घेतल्यावर मात्र भलेभले ती तशीच खाली ठेवतात.

हौशी शक्तिपटूंच्या जगात या प्रकाराची आज रीतसर स्पर्धा होते. अमेरिका आणि युरोपात ‘ग्रिप’ म्हणजे हाताच्या पकडीच्या खेळांमध्ये पोलाद वाकवण्याला मानाचे स्थान आहे. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, त्यात पैसाही फारसा नाही. बहुतेक स्पर्धक दिवसा नोकरी करणारे आणि संध्याकाळी सराव करणारे असतात. तरीही या खेळाची ओळख करून घेण्यासारखी आहे, कारण एकेकाळी सर्कशीच्या तंबूत चमत्कार म्हणून दाखवला जाणारा प्रयोग मोजमापाच्या कसोटीला उतरून खेळ कसा झाला, याचे हे चांगले उदाहरण आहे. आणि त्या प्रवासाचे काही धागे थेट सातारा-सांगलीच्या मातीत सापडतात.

सळई वाकते म्हणजे काय होते?

कोणतीही सळई वाकवताना तिच्या बाकाच्या बाहेरील बाजूचे धातूचे कण ताणले जातात आणि आतील बाजूचे दाबले जातात. सुरुवातीला हा बदल तात्पुरता असतो. जोर काढला की सळई पुन्हा सरळ होते. एका ठराविक मर्यादेपलीकडे ताण गेला की धातू ‘हार मानतो’ आणि बाक कायमचा राहतो. स्पर्धकाला सर्वप्रथम ही मर्यादा ओलांडावी लागते.

ही मर्यादा तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट जाडी. गोल सळईचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे व्यास दुप्पट झाला तर विरोध दुप्पट होत नाही, आठपट होतो. सहा मिलिमीटरच्या सळईपेक्षा आठ मिलिमीटरची सळई डोळ्यांना जेमतेम जाड दिसते. पण ती वाकवायला सुमारे २.४ पट जोर लागतो. दहा मिलिमीटरच्या सळईला सहाच्या तुलनेत साडेचार पटींहून अधिक जोर लागतो. पाहणाऱ्याचा अंदाज चुकतो तो इथेच. आपला डोळा जाडी पाहतो, हाताला मात्र तिचा घन जाणवतो.

दुसरी गोष्ट लांबी. बांधकामावर काम करणारा मजूर आठ मिलिमीटरची लांब सळई सहज वाकवतो, हे आपण रोज पाहतो. त्याच्याकडे लांब दांड्याचे हत्यार असते आणि सळई खिळ्यांच्या आधाराने धरलेली असते. हा तरफेचा खेळ आहे. साध्या मऊ पोलादाची आठ मिलिमीटर जाडीची, मीटरभर लांबीची सळई मांडीवर ठेवून दोन्ही टोके खाली ओढली, तर प्रत्येक हाताला पाच किलोंच्या आसपास जोर पुरतो. त्याच सळईचा सात इंचांचा तुकडा कापून हातात घेतला की चित्र पालटते. आता तरफ उरते फक्त तळहाताच्या रुंदीएवढी. साधे गणित मांडले तर प्रत्येक हाताला तीस किलोंहून अधिक जोर, तोही मनगट आणि बोटांतून, लावावा लागतो. सळई तीच, माणूसही तोच. तरफ आखूड झाल्यामुळे काम सहा-सात पटींनी कठीण होते. म्हणूनच स्पर्धेत लांबीला जाडीइतकेच महत्त्व असते आणि अर्धा इंच जास्त लांबीचा तुकडा मिळालेल्या स्पर्धकाला नकळत मोठी सवलत मिळते.

तिसरी गोष्ट धातूची जात. ‘लोखंड’ हा आपण सरसकट वापरतो तो शब्द इथे पुरेसा नाही. साध्या मऊ पोलादाची हार मानण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन धरली जाते. आज घरांच्या बांधकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एफई ५००’ दर्जाच्या सळईची ही मर्यादा किमान ५०० न्यूटन, म्हणजे दुप्पट असते. दोन्ही सळया गंजल्यावर सारख्याच दिसतात. थंड अवस्थेत रुळांतून काढलेले चकचकीत पोलाद मऊ पोलादापेक्षा बरेच कणखर असते. मोटारीच्या पाट्याचे स्प्रिंग पोलाद वाकते आणि पुन्हा उसळी मारून सरळ होते. आणि बीड तर वाकतच नाही, ते मोडते. जुन्या बिडाच्या वस्तू आपटल्यावर फुटतात, हे खेड्यातील कोणालाही सांगावे लागत नाही.

एका मिनिटातील तीन टप्पे

स्पर्धेतील प्रयत्नाचे साधारणपणे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात सरळ कांडीला पहिली मोड आणायची असते. या क्षणी कांडी हलत नाही. स्पर्धक सर्व शक्ती लावून उभा असतो, चेहरा लाल होतो, हात थरथरतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. बहुतेक अपयश इथेच पदरी येते. मोड आली की दुसरा टप्पा सुरू होतो. कांडी काटकोनाकडे झुकू लागते आणि काम थोडे सोपे वाटते. पण त्याच वेळी दोन गोष्टी स्पर्धकाच्या विरोधात जात असतात. वाकलेल्या जागी धातू अधिक कडक होत जातो आणि बाक वाढेल तशी हातांची पकड गैरसोयीची होते. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही टोके एकमेकांजवळ आणायची असतात. आता मनगटांपेक्षा छाती, खांदे आणि पंजे यांच्या दाबाचे काम असते. बोटे एकमेकांत गुंफून, जणू अक्रोड फोडावा तसे दोन्ही तळवे दाबले जातात. कांडी हाताला चांगलीच गरम लागते, कारण खर्च झालेली ताकद उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

पकडीचेही प्रकार आहेत. दोन्ही तळवे खाली ठेवून कांडी हनुवटीखाली धरणे हा जड कांड्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार. दोन्ही तळवे वर ठेवून पोटापुढे वाकवणे हा दुसरा. एक तळवा वर व एक खाली ठेवून एका हाताने ढकलणे आणि दुसऱ्याने ओढणे हा तिसरा. एका पकडीत तरबेज असलेला माणूस दुसऱ्या पकडीत अगदी नवखा ठरू शकतो. म्हणून स्पर्धेच्या नियमांत पकड आधीच ठरवलेली असते किंवा सर्व पकडींना मुभा असल्याचे स्पष्ट केलेले असते.

कांडीची टोके तळहातात रुतू नयेत म्हणून त्यांवर चामड्याची किंवा जाड कापडाची पट्टी गुंडाळतात. ही पट्टी वरवर केवळ संरक्षणाची वाटते, पण तिच्यात तंत्र दडलेले आहे. पट्टी जितकी लांब आणि घट्ट, तितकी कांडीची परिणामी लांबी व जाडी वाढते आणि तरफ सुधारते. त्यामुळे पट्टीचे माप, तिचा प्रकार आणि तिला चिकट पदार्थ लावावा की नाही, याचेही नियम असतात. मांडी, गुडघा किंवा टेबल यांचा आधार घेतला तर तो प्रकारच वेगळा मानला जातो.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध कसोटी म्हणजे अमेरिकेतील आयर्नमाइंड कंपनीची ‘रेड नेल’. सात इंच लांब आणि पाच-सोळांश इंच, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर जाडीची ही थंड रुळातून काढलेल्या पोलादाची कांडी १९९५ पासून जगभरातील पकडपटूंना खुणावत आली आहे. नावात खिळा असला तरी तिला टोक नसते. ही कांडी सगळीकडे सारखीच असते, हे तिच्या प्रतिष्ठेचे खरे कारण आहे. कॅलिफोर्नियात ती वाकवणारा आणि कराडमध्ये ती वाकवणारा एकाच मापाने मोजले जातात.

स्पर्धेची मांडणी दोन-तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात कांड्या क्रमाने कठीण होत जातात आणि जो शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. दुसऱ्यात सर्वांना एकच कांडी दिली जाते आणि कमीत कमी वेळ घेणारा पहिला येतो. तिसऱ्यात ठराविक वेळात किती कांड्या वाकवल्या हे मोजतात. पहिला प्रकार निखळ बळाचा, दुसरा चपळाईचा आणि तिसरा दमसासाचा. नवख्या स्पर्धकाने आपण कशात उतरत आहोत, हे आधी समजून घेतलेले बरे. पहिल्या प्रकारात सुरुवातीच्या सोप्या कांड्यांवर अंगातील सारा जोर खर्च करणारा स्पर्धक खऱ्या परीक्षेच्या वेळी रिकामा होतो.

तंबूतून मैदानाकडे

पोलाद वाकवण्याचा इतिहास मुख्यतः सर्कशीचा आणि जत्रेचा इतिहास आहे, आणि भारतीय सर्कशीचा इतिहास सांगली जिल्ह्याला वगळून लिहिताच येत नाही. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे भारतीय सर्कशीचे जनक. घोडे शिकवण्यात निष्णात असलेल्या छत्र्यांनी मुंबईत कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस पाहिली आणि मार्च १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कसही नावारूपाला आली. घोडे, झुले आणि श्वापदे यांच्याबरोबरच शक्तीचे प्रयोग हा या तंबूंचा मोठा आधार होता.

त्या प्रयोगांचे शिखर म्हणजे आंध्रातील वीरघट्टमचे कोडी राममूर्ती नायडू. मराठी माणसाला ते ‘प्रोफेसर राममूर्ती’ या नावाने ठाऊक झाले. छातीभोवती गुंडाळलेली लोखंडी साखळी श्वास भरून तोडणे, छातीवर हत्ती उभा करणे, सुरू मोटारी रोखून धरणे हे त्यांचे प्रयोग. परकीय सत्तेच्या काळात हिंदी माणसाच्या देहातही एवढे बळ असू शकते, हा आत्मविश्वास त्यांनी लोकांना दिला. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले, पण बळकट मुलाला ‘राममूर्ती’ म्हणण्याची रीत त्यांच्यानंतरही टिकली.

युरोप-अमेरिकेतही हेच चालले होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या कैदेत पडलेल्या अलेक्झांडर झास या रशियन सैनिकाने साखळदंड आणि गज ओढून स्वतःचे बळ वाढवले आणि पुढे तो ‘आयर्न सॅमसन’ म्हणून गाजला. न हलणाऱ्या वस्तूवर जोर लावल्याने स्नायू बळकट होतात, हे त्याने अनुभवाने ओळखले होते. १९५३ मध्ये हेटिंगर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील जो ग्रीनस्टाइन हा जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा माणूस बोटांनी खिळे वाकवत असे आणि वयाची ऐंशी ओलांडल्यावरही त्याने प्रयोग केले. उंचीपुरी देहयष्टी हीच पोलाद वाकवण्याची पहिली अट आहे, हा समज त्याच्या उदाहरणाने खोटा ठरतो.

या यादीतील एक नाव मात्र सावध करणारे आहे. पोलंडमधील लोहारकाम करणाऱ्या घरातील झिशे ब्राइटबार्ट याला व्हिएन्ना आणि बर्लिनच्या प्रेक्षकांनी १९२० च्या दशकात डोक्यावर घेतले होते. लोखंडी पट्ट्या वाकवून तो त्यांची नक्षी करी. १९२५ मध्ये एका प्रयोगात मुठीने लाकडी फळ्यांतून खिळा आरपार ठोकताना तो गंजका खिळा त्याच्या गुडघ्यात शिरला. जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि रक्तात विष भिनून वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो मरण पावला. जंतुसंसर्गावरील आजची औषधे तेव्हा नव्हती. पण त्याचे मरण केवळ वैद्यकाच्या मर्यादेची गोष्ट नाही. दररोज रात्री कालच्यापेक्षा अधिक थरारक काही दाखवण्याची सक्ती, हा तंबूचा नियम होता.

तंबू आणि मैदान यांतील फरक नेमका इथे आहे. तंबूत प्रेक्षकाला कांडीची जाडी सांगितली जात नाही. सांगितली तरी ती तपासता येत नाही. धातू आधी तापवून मऊ केला होता का, सळई आधीच एकदा वाकवून सरळ केली होती का, हे कोणी विचारत नाही. सर्वच कलावंत फसवत होते असे नव्हे. अनेकांचे बळ अस्सल होते. पण अस्सल बळ आणि हातचलाखी यांत फरक करण्याचे साधन प्रेक्षकाजवळ नव्हते. हौशी स्पर्धेने ते साधन दिले. कांडी सर्वांसमोर मोजली जाते, एकाच तुकडीतून कापली जाते, वेळ घड्याळावर पाहिला जातो आणि वाकलेल्या टोकांमधील अंतर पट्टीने तपासले जाते. टाळ्या कमी पडतील, पण जो हरला त्यालाही आपण किती कमी पडलो हे नेमके कळते.

औंधचे दोन वारसे

बळाला माप आणि पद्धत असावी, हा विचार या भागाला नवा नाही. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या जगप्रसिद्ध शक्तिपटूची साधने आणि पुस्तक मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. सँडो स्वतः १९०४-०५ मध्ये भारतात येऊन गेला. पुढे राजेसाहेब सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचा क्रम, श्वास व संख्या ठरवून त्यांनी तो आपल्या संस्थानातील शाळांपर्यंत नेला. परदेशी पद्धत आधी स्वतःवर तपासून पाहायची, मग आपल्या परंपरेतील गोष्टीला तशीच शिस्त लावायची, हा त्यांचा क्रम आजही अनुकरण करण्याजोगा आहे.

त्याच राजाने कुंडलजवळ दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. आज ते किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत असलेल्या काळात पहिले काही नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. कोणते ओतीव काम मोडते आणि कोणते टिकते, हे तिथल्या कारागिरांनी प्रत्यक्ष वापरातून शिकून घेतले. व्यायाम आणि धातुविद्या ही दोन्ही शास्त्रे एकाच छोट्या संस्थानाच्या आश्रयाने वाढली, हा योगायोग पोलाद वाकवण्याच्या खेळाची गोष्ट सांगताना आठवल्याशिवाय राहत नाही.

लेझीमचेही तसेच. आज आपण तिच्याकडे मिरवणुकीतील तालबद्ध खेळ म्हणून पाहतो. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातील कलावंतांनी ती देशाला दाखवली. पण लेझीम हा मूळचा फारसी शब्द असून त्याचा अर्थ व्यायामासाठीचे, दोरीऐवजी साखळी लावलेले धनुष्य असा आहे. धनुर्धराचे खांदे आणि मनगटे कणखर व्हावीत म्हणून ते ओढले जाई. ताणाला दाद न देणाऱ्या वस्तूशी झुंजून बळ कमावण्याची कल्पना आपल्या अंगणातच होती. कालांतराने ताल राहिला आणि ताण गेला.

बळ असूनही नियम न कळल्यास

बळाच्या जोडीला नियमांचे ज्ञान का हवे, याचे सर्वांत बोलके उदाहरणही याच भागातील आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅटवरील आंतरराष्ट्रीय कुस्ती नवी होती. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. त्या चार वर्षांत त्यांनी मॅट आणि तिचे नियम आत्मसात केले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत जपानच्या इशी यांच्याशी दीर्घ लढत दिल्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, आणि नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नेहमी सांगितले जाते. बळ गावातून आले, तंत्रही कष्टाने कमावले. नियमाच्या बाजूने उभे राहायला मात्र कोणी नव्हते.

त्यानंतर या मातीने पुष्कळ मजल मारली. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके मिळवली. २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बळाचा मक्ता पुरुषांकडेच असतो, हा समज तिथे मोडीत निघाला. पोलाद वाकवण्याच्या खेळातही महिलांचा स्वतंत्र गट आणि वेगळ्या जाडीच्या कांड्या ठेवता येतात, कारण कांडीचे माप हवे तितके बारीक ठरवता येते.

उतरायचे असेल तर

तालमीत घाम गाळलेल्या तरुणाला हा खेळ आकर्षक वाटणे साहजिक आहे. पण जोर-बैठका आणि कुस्तीने कमावलेले शरीर एवढ्याने भागत नाही. इथे भार पडतो तो मनगट, बोटे आणि कोपराजवळचे स्नायुबंध यांवर. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात; स्नायुबंधांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून ‘मला जोर वाटतो आहे’ हा कांडी बदलण्याचा निकष असू शकत नाही. पहिले काही महिने चार-पाच मिलिमीटरच्या मऊ पोलादाच्या कांड्यांवर तंत्र बसवावे, आठवड्यातून दोनच दिवस वाकवण्याचा सराव करावा आणि मधल्या दिवसांत मनगटाचे व बोटे उघडण्याचे व्यायाम करावेत. तीच जाडी ठेवून लांबी थोडी कमी करणे, ही एका जाडीवरून दुसरीवर जाण्यापूर्वीची पायरी असावी. मनगटाच्या करंगळीकडील बाजूला किंवा कोपराच्या आत दुखू लागले, तर सराव थांबवणे हाच सराव समजावा. वाढीच्या वयातील मुलांनी जड कांड्यांच्या वाटेला जाऊ नये.

काय वाकवू नये, हेही पक्के लक्षात ठेवले पाहिजे. पाने, कानस, ड्रिल, बिडाची पट्टी यांसारख्या कडक किंवा ठिसूळ वस्तू मोडताना त्यांचे तुकडे डोळ्यात उडू शकतात. बांधकामाच्या सळईचा रिंगांचा पृष्ठभाग तळहात सोलतो आणि तिच्या धातूचा दर्जा नुसता पाहून कळत नाही. पट्टीशिवाय कांडी धरण्यात शौर्य नाही. कांडी हनुवटीखाली धरली असताना हात सुटला तर टोक गळ्याकडे येते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी एक जाणता माणूस असल्याशिवाय नवख्याने जड कांडीला हात घालू नये. गंजलेल्या लोखंडाने जखम झाल्यास ब्राइटबार्टची आठवण ठेवून धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना लगेच विचारावे. हौशी खेळाडूचे हात हेच त्याचे पोट भरण्याचे साधन असते. ऊसतोड, यंत्रावरील काम, संगणक किंवा शेती, काहीही असो, सोमवारी सकाळी तेच हात कामाला लागायचे असतात. तंबूतील कलावंताला हा विचार परवडत नव्हता. हौशी माणसाला तो सोडून चालत नाही.

एखाद्या मंडळाला किंवा तालमीला अशी स्पर्धा भरवायची असेल, तर खर्च फारसा नाही. हवी आहे ती काळजी. सर्व कांड्या एकाच दुकानातून, एकाच दर्जाच्या आणि एकाच तुकडीतील सळईच्या घ्याव्यात. लेथवर सारख्या लांबीच्या कापून टोके घासावीत. स्पर्धेपूर्वी प्रत्येक जाडीच्या दोन-तीन कांड्या दोन आधारांवर ठेवून मधोमध वजन टांगून पाहावे आणि किती वजनाला कायमचा बाक येतो, याची नोंद फलकावर लिहावी. पट्टीचे माप, वेळ, टोकांमधील अंतर आणि पकड हे चार नियम सर्वांपुढे वाचून दाखवावेत. वाकलेल्या कांडीला नाव, तारीख, जाडी आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी बांधून ती तालमीत ठेवावी. पाच वर्षांनी कोणी तेच माप वाकवून दाखवले, तर तुलना करायला पुरावा हाताशी असेल.

देवळापुढची दगडी गोटी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. ती कोणासाठी हलकी होत नाही आणि कोणासाठी जड होत नाही. सरपंचाचा मुलगा असो की गड्याचा, तिच्यापुढे दोघांना सारखेच वाकावे लागते. पोलादाची कांडी ही त्या गोटीची धाकटी, खिशात मावणारी बहीण म्हणता येईल. गोटी एका गावची असते. कांडीचे माप मात्र कागदावर लिहून कुठेही नेता येते. गावाच्या फडावर सिद्ध झालेले बळ जगाच्या फडावर तसेच्या तसे मांडता यावे, यासाठी आपल्याकडील बळवंत तरुणांना आणि तरुणींना अशा मापाची गरज आहे.